तंबूतली थंडी

मैत्रिणींनो, डिसेंबर आला की मुलांची शिबिरे निघतात आणि आपण स्वेटर, मफलर, दोन-दोन पांघरुणे कोंबून वळकटी बांधतो. मीही तेच केले. तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याला गाइडच्या मुलींबरोबर तंबूत राहिले, तर अंगावर दोन ब्लँकेटे असूनही पाठ रात्रभर गार! थंडी वरून कमी, खालून जास्त येते बरं का.

दुसऱ्या दिवशी खाली ताडपत्री, तिच्यावर वीतभर कोरडी धानाची तणस आणि मग सतरंजी घातली. तणसीत हवा अडकते, अंगाची ऊब जमीन ओढून घेत नाही. तणस नसेल तर वर्तमानपत्रांच्या जाड घड्या चालतात. दिवसभराचे घामट कपडे मात्र निजण्यापूर्वी बदलायचेच, मोजेसुद्धा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या रात्री मुली कुडकुडताना बघवेना, म्हणून मी घमेल्यात निखारे घेऊन तंबूकडे निघाले. स्वयंपाकाच्या मावशींनी वाटेतच अडवले. "बाई, आत नोका नेऊ! पोरी निजतीन त उठनार नाही."

खरेच आहे ते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोके दुखते, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. तंबूचा पडदा थोडा उघडा ठेवला तरी भरवसा नाही. शेकायचे ते बाहेर, आणि निजायच्या आधी.

लेकीच्या शिबिराची चिठ्ठी आली की तिच्या बाईंना एवढे विचाराच: अंथरुणाखाली काय घालणार, आणि रात्री शेगडी कुठे ठेवणार?