दोनशे रुपयांवर थांबलेले केंद्र

केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्या महागाई भत्त्याचा फेरविचार वर्षातून दोनदा होतो. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांच्या घरांतही त्या घोषणेची वाट पाहिली जाते. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच की, ज्या सरकारला महागाई इतक्या नियमितपणे दिसते, त्याला ती दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या घरात का दिसत नाही? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वर्षे वयाच्या लाभार्थ्याला केंद्राकडून दरमहा २०० रुपये मिळतात. हा आकडा २००६ सालचा आहे.

नरसिंह राव सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धाला ७५ रुपये मिळत. पुढे ते २०० झाले. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये मिळू लागले. २०१२ मध्ये अपंगांचे वेतन ३०० रुपये झाले. तिथे घड्याळ थांबले. त्यानंतर दिल्लीत सत्तांतर झाले, ग्रामविकास मंत्रालयाशी संलग्न संसदीय स्थायी समितीने रक्कम वाढवण्याची शिफारस वारंवार केली. पण या एका बाबतीत सत्ताधाऱ्यांमध्ये विलक्षण एकमत राहिले.

अपंगांची स्थिती अधिक बिकट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के अपंगत्व हा लाभांचा निकष मानला. केंद्राचे निवृत्तिवेतन मात्र ८० टक्क्यांखाली मिळत नाही. म्हणजे ज्याला कायदा अपंग म्हणतो, त्याला योजना सुदृढ ठरवते. २०११ च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती. या योजनेचे लाभार्थी जेमतेम दहा लाखांच्या आसपास. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, ज्यांना अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचीही तरतूद आहे. अंथरुणाला खिळलेल्या प्रौढ मुलाची शुश्रूषा करणाऱ्या सत्तर वर्षांच्या आईला ही तरतूद ठाऊक असण्याचे कारण नाही. कारण बहुतेक ठिकाणी ती कागदावरच आहे.

यावर नॉर्थ ब्लॉकच्या परंपरेतील उत्तर तयार असते : अपंगांचे साहाय्य हा राज्यसूचीतील विषय, केंद्राचा वाटा केवळ पूरक. हे अर्धसत्य आहे. राज्यसूचीतील नववी नोंद तसे म्हणते. परंतु सामाजिक सुरक्षा आणि वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन समवर्ती सूचीत आहे आणि अनुच्छेद ४१ मधील निर्देश केंद्रालाही लागू आहे. केंद्र मागे सरकले की काय होते, ते समोर आहे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये वृद्धांचे निवृत्तिवेतन ४,००० रुपये केले. बिहारमध्ये ते ४०० रुपये होते. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, २०२५ च्या जूनमध्ये, ते ११०० करण्याचा निर्णय झाला. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून १,५०० मिळू लागले. वृद्धत्वाचा भार सर्वत्र सारखा, पण त्याची किंमत राज्याची तिजोरी आणि निवडणुकीचे वेळापत्रक ठरवते. हक्काची जागा अशी मेहेरबानीने घेतली आहे.

या व्यवस्थेत सर्वाधिक हाल स्थलांतरितांचे होतात. श्रावणबाळ योजनेला महाराष्ट्रातील पंधरा वर्षांचे वास्तव्य लागते, दिल्लीच्या योजनेला दिल्लीतील पाच वर्षांचे. गावचे घर बंद करून मुलाकडे राहायला आलेली विधवा आई गावी अनुपस्थित ठरते आणि इथे नवखी. शिधापत्रिका २०२२ पर्यंत देशभर चालू लागली. मग निवृत्तिवेतनच तेवढे तालुक्याच्या वेशीवर का अडावे? पैसे तर थेट बँक खात्यातच जातात.

पैशाची अडचण खरी आहे, पण ती प्राधान्याची अडचण आहे. २०२२-२३ पासून सलग चार अर्थसंकल्पांत या संपूर्ण कार्यक्रमासाठी सुमारे ९,६०० कोटी रुपयेच ठेवले गेले. रक्कम गोठलेली आणि लाभार्थ्यांची कमाल संख्याही गोठलेली. तिचा आधार २००१ ची जनगणना. त्यानंतर वृद्ध झालेल्यांनी जुन्या लाभार्थ्याच्या मृत्यूची वाट पाहायची, असा याचा सरळ अर्थ होतो.

उपाय अवघड नाहीत. केंद्राचा वाटा वाढवून तो महागाईशी जोडावा, ८० टक्क्यांची अट ४० वर आणावी, लाभार्थ्यांची मर्यादा नव्या लोकसंख्येनुसार ठरवावी आणि निवृत्तिवेतन माणसाबरोबर जाऊ द्यावे. यांपैकी एकासाठीही घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती एक टिप्पणी, आणि ती लिहिणारे अधिकारी याच शहरात राहतात. महागाई भत्त्याची पुढची घोषणा होईल त्या दिवशी तरी त्यांनी या २०० रुपयांची फाइल उघडावी.