बाजारात न आलेले गेम

गेल्या दिवाळीत सोलापूरला घरी गेलो, तेव्हा आईने नेहमीप्रमाणे माळा आवरायला लावला. (पुण्यात चार जणांच्या कोडमधल्या चुका काढणारा माणूस घरी आला की आधी शिडीवर चढतो, हा आमच्याकडचा नियम आहे.) माळ्यावर दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे माझा टीव्ही गेम. शाळेत असताना गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर, बाबांकडे हट्ट करून घेतलेला. कुठल्या कंपनीचा ते खोक्यावरही धड लिहिलेलं नाही. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर '९९९९ इन १'. खरे गेम असतील वीसेक, बाकी सगळे तेच तेच पुन्हा. दुसरी गोष्ट म्हणजे सुतळीने बांधलेलं, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचं एक गाठोडं. त्याच्याकडे नंतर येतो. आधी गेम.

ज्यांनी लहानपणी 'काँट्रा' आणि 'मारिओ' खेळलाय त्यांना हा डबा काय होता ते सांगायला नको. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं आणि १९८५ पासून तेच रूप बदलून अमेरिकेत एनईएस या नावाने विकलं. आपल्याकडच्या जत्रेत आणि दुकानांत आली ती त्याची नक्कल. आत तोच आठ बिटांचा कारभार. आता गंमत अशी, की याच यंत्रासाठी असे कित्येक गेम तयार झाले जे दुकानापर्यंत पोचलेच नाहीत. कुठे पैसे संपले, कुठे नवं यंत्र आलं आणि जुन्यासाठी गेम काढायला कुणी तयार होईना, कुठे वरच्या साहेबाचं मत बदललं. आमच्या धंद्यात 'प्रोजेक्ट स्क्रॅप झाला' म्हणतात, तेच. आणि जगात काही लोक हे स्क्रॅप झालेले गेम शोधत हिंडतात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हा निव्वळ रिकामटेकडेपणा वाटला होता. जे पूर्ण झालेत, चांगले आहेत, ते खेळायलाच वेळ मिळत नाही. मग अर्धवट राहिलेले कशाला उकरायचे?

मग जरा खोलात गेलो. दुकानात येणाऱ्या गेमची चिप कारखान्यातच कायमची ठसवलेली असते आणि अशा हजारो-लाखो निघतात. एक हरवली तर दुसरी कुठेतरी असतेच. न आलेल्या गेमच्या मात्र एक-दोन कॅसेट असतात: एखादी तपासणीसाठी बनवलेली, एखादी मासिकवाल्यांना दाखवायला पाठवलेली. त्यात बहुतेक वेळा ईप्रॉम चिप असते. तिच्यावर एक छोटी काचेची खिडकी असते, आणि त्या खिडकीतून अतिनील किरण आत सोडले की चिप कोरी होते, पुन्हा वापरता येते. म्हणून खिडकीवर स्टिकर लावून ठेवतात. स्टिकर निघाला आणि चिप उन्हात पडली तर माहिती हळूहळू पुसते. स्टिकर शाबूत असला तरी आत साठवलेला विद्युतभार काही दशकांत गळत जातो. म्हणजे मखमली पेटीत, कुलपात ठेवलेली कॅसेटसुद्धा जपलेली नसते. ती फक्त सावकाश मरत असते.

आजच्या लेखाचा मुद्दा एवढाच आहे. अशी कॅसेट ज्याला सापडते त्याने तिची प्रत काढून चारचौघांना दिली पाहिजे. नाही दिली, तर त्याने गेम वाचवला असं म्हणू नये. त्याने एक महागडा प्लास्टिकचा डबा विकत घेतला, एवढंच.

तीन उदाहरणं देतो.

'मदर' हा जपानी गेम १९८९ साली फॅमिकॉमवर आला. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या लोकांनी १९९० साली त्याचं इंग्रजी भाषांतर पूर्ण केलं, आणि मग तो काढायचाच नाही असं ठरलं. त्याची एक नमुना-कॅसेट संग्राहकांच्या हाती लागली. चाहत्यांनी वर्गणी काढली, मालकाला राजी केलं आणि १९९८ साली तिची प्रत सगळ्यांना मिळाली. निन्टेन्डोने तो गेम अधिकृतपणे काढला २०१५ साली, आणि तो जवळपास तोच होता. म्हणजे मधली सतरा वर्षं लोकांनी जो खेळला तो वर्गणीतून मिळालेला गेम.

दुसरं उदाहरण 'सिमसिटी'चं. एनईएससाठीची आवृत्ती १९९१ च्या जानेवारीत प्रदर्शनात दाखवली आणि नंतर गायब झाली. २०१७ साली तिच्या कॅसेट समोर आल्या. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०१८ च्या डिसेंबरमध्ये प्रत सगळ्यांसाठी खुली केली. गेम अर्धवट आहे, अडखळतो. पण मोठ्या संगणकावरचा शहर वसवण्याचा खेळ एवढ्याशा यंत्रात कसा कोंबायचा याची झटापट त्यात जशीच्या तशी दिसते.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. ख्रिस ओबर्थ नावाच्या प्रोग्रॅमरने एनईएससाठी 'डेज ऑफ थंडर' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लिहीत आणला होता. बाजारात त्या नावाचा गेम आला तो दुसऱ्याच लोकांनी केलेला. ओबर्थ २०१२ साली गेले. त्यांच्या सामानातल्या जुन्या फ्लॉपींमधून याच संस्थेच्या लोकांनी २०२० साली मूळ कोडच्या फायली काढल्या, त्या जुळवल्या आणि गेम पुन्हा उभा केला. इथे तर तयार कॅसेटही हातात नव्हती. कोडही पुढे खुला झाला, कुटुंबाच्या संमतीने.

कोड लिहिणाऱ्या माणसाला यात काय दिसतं? पूर्ण झालेला गेम म्हणजे चकाचक आवरलेलं घर, पाहुणे येण्याआधीचं. अर्धवट गेममध्ये पसारा जागेवर असतो. कुठला मार्ग धरला आणि सोडला, कुठे जागा पुरेना म्हणून काय कापलं, सगळं. आपल्या धंद्यातलं शहाणपण बहुतेक अशा पसाऱ्यातच असतं, आणि आपण तेच आधी पुसतो. मी स्वतः दीड वर्ष एका कामावर होतो. एका सोमवारी ते बंद झालं, शुक्रवारपर्यंत सर्व्हरवर त्याचं नाव उरलं नाही. कुणाची चूक होती असं नाही. पण 'दीड वर्ष काय केलंस?' असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे काही नाही.

आता दुसरी बाजूही ऐकायला हवी. संग्राहक म्हणतो, मी पैसे मोजलेत. किंमती खरंच अचाट आहेत. निन्टेन्डो आणि सोनीने मिळून केलेल्या, कधीच न विकल्या गेलेल्या यंत्राचा एक नमुना २०२० साली तीन लाख साठ हजार डॉलरला गेला. प्रत बाहेर आली की वस्तूचा भाव पडेल अशी भीती त्याला वाटते. मला ती पटत नाही. चित्राची छापील प्रत घरोघरी लागली म्हणून मूळ चित्र कुणी रद्दीत घालत नाही. तरीही त्याला मोबदला हवा असेल तर 'मदर'वाल्यांसारखी वर्गणी काढावी. फुकट द्या असं माझं म्हणणं नाही.

कायद्याची अडचण जास्त खरी आहे. गेमचा हक्क कंपनीचा असतो आणि अशी प्रत वाटणं बहुतेक ठिकाणी कायद्यात बसत नाही. ते मी नाकारत नाही. पण कंपनीने स्वतःकडेही काही ठेवलं नसेल, तर नुसता हक्क कुणी चालवून बघू शकत नाही. तिसरी हरकत लिहिणाऱ्याची: माझं अर्धवट काम लोकांनी का बघावं? याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. माणूस हयात असेल तर त्याला विचारावं, नसेल तर घरच्यांना. ओबर्थ यांच्या बाबतीत तसंच झालं.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर आपल्या पुण्याकडे बघा. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य घालवलं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची उरलीसुरली रिळं आज आपण पाहू शकतो ती अशा माणसांमुळे. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली. ज्या सिनेमांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या ते तरले. ज्यांच्या नव्हत्या, ते गेले. मूळ वस्तूवरचं प्रेम आगीत कामाला येत नाही.

आणि आता ते गाठोडं.

आजोबा यंत्रमागाच्या कारखान्यात होते, चादरींच्या. चादरीवरची नक्षी जॅकार्डवर निघते. नक्षी आधी आलेख कागदावर काढायची, मग त्याप्रमाणे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. भोक आहे तिथला ताणा उचलला जातो, नाही तिथला खालीच राहतो. एक आणि शून्य. आजोबांनी स्वतः काढलेली एक नक्षी व्यापाऱ्याला पसंत पडली नाही म्हणून ती चादर विणलीच गेली नाही, एवढं आईला आठवत होतं.

मी दोन दिवस बसून एकेका कार्डाचा फोटो काढला आणि भोकांचं चित्र करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर आला नुसता गोंधळ, जुन्या टीव्हीला मुंग्या यायच्या तसा. शेजारच्या काकांना दाखवलं, ते चाळीस वर्षं मागावर होते. म्हणाले, "काय बे, इंजिनेर झालास आन एवढं कळंना? दोन रंगाची चादर हाय ती. एक कार्ड ह्या रंगाचं, एक त्या रंगाचं." एकाआड एक कार्डं वेगळी केली आणि काठावरची वेल सरळ उभी राहिली. मधोमध दोन पक्षी आहेत, समोरासमोर. पण मधली काही कार्डं उंदरांनी खाल्लीत, त्यामुळे दोघांनाही डोकी नाहीत. मोर होते की पोपट, ते सांगणारा माणूस आता नाही.

ती फाइल मी काकांच्या मुलाला दिली, दोन मित्रांना दिली, आणि कुणीही उतरवून घ्यावी म्हणून इंटरनेटवर ठेवली.

आई म्हणाली, "झाली ना प्रत काढून? मग आता देऊ का ते रद्दीत?"

नको म्हणालो. गाठोडं पुन्हा माळ्यावर ठेवलं, या खेपेला प्लास्टिकच्या डब्यात. संग्राहकाचं मन मला तेव्हा थोडंफार कळलं. पण प्रत आधी काढली होती, हे मात्र लक्षात घ्या.

असो. शेंगाचटणीचा डबा पिशवीत भरायचाय, उद्या सकाळची हुतात्मा पकडायचीय. तुमच्या माळ्यावर काय आहे, एकदा बघा.