लपवलेला फरक

१९८३ साली मी बँकेत कारकून म्हणून लागलो. शाखेत संगणक नव्हता. बचत खात्यांच्या लेजरचे बॅलन्सिंग करायचे म्हणजे प्रत्येक खात्यातली शिल्लक कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी जुळली की घरी जायचे. एका शनिवारी माझी बेरीज साडेचारशे रुपयांनी कमी आली. रात्रीचे आठ वाजले होते, शेवटची बस चुकणार होती. मी एका मोठ्या खात्याच्या शिल्लकेत, त्या कागदापुरते, साडेचारशे वाढवले आणि बेरीज जुळवून टाकली.

आठवडाभरात एका निवृत्त शिक्षकांचा चेक परत गेला. मुलीच्या वसतिगृहाची फी होती ती. त्यांनी भरलेले ३,७२० रुपये लेजरमध्ये ३,२७० म्हणून चढले होते. ते काउंटरवर आले, पासबुक पुढे सरकवले आणि म्हणाले, "माझं काही चुकलं का?" आवाज चढवला असता तर बरे वाटले असते.

आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. "फरक नवाने भागला जातो का, ते आधी बघायचं. जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. आणि नाहीच सापडला, तर फरक म्हणून लिहून ठेवायचा. लपवलेला फरक कुणी शोधत नाही, बाळा."

हे सारे आठवले ते संख्यांच्या एका तक्त्यामुळे. ॲलन कनिंगहॅम हे बंगाल इंजिनिअर्समधले इंग्रज अधिकारी. जन्म दिल्लीचा, १८४२चा. वडील पुरातत्त्ववेत्ते अलेक्झांडर कनिंगहॅम. निवृत्तीनंतर या गृहस्थांनी एकच ध्यास घेतला: २, ३, ५, १० अशा लहान संख्यांचे मोठमोठे घात घ्यायचे, त्यात एक मिळवायचा किंवा त्यातून एक वजा करायचा, आणि उत्तराचे मूळ अवयव पाडायचे. वूडॉल या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९२५ साली त्याचे पुस्तक काढले.

यात गंमत कसली, असे कुणी विचारील. शाळेतली बीजगणिताची वही आठवा. 'क्ष'च्या सहाव्या घातातून एक वजा केला तर त्याचे चार अवयव पडतात: (क्ष − १), (क्ष + १), (क्ष² + क्ष + १) आणि (क्ष² − क्ष + १). आता 'क्ष'च्या जागी १० घाला. ९, ११, १११ आणि ९१. यांचा गुणाकार बरोबर ९,९९,९९९. पुढे १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि ९१ म्हणजे ७ गुणिले १३. दहाच्या कोणत्याही घातातून एक वजा केला की नवाने भाग जातोच. साहेबांच्या नवाच्या युक्तीचे मूळही तिथेच आहे.

पण सगळ्याच संख्या अशा गुणी नसतात. २ च्या ६७व्या घातातून एक वजा केल्यावर येणारी संख्या मूळ नाही, हे ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली दाखवले. पण तिचे अवयव कोणते, हे त्याला सांगता आले नव्हते. ते अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी १९०३ साली मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. शोधायला वर्षे लागली. पडताळायला एक गुणाकार पुरतो, आणि तो आपल्या घरातल्या आठवीच्या मुलालाही करता येईल.

कनिंगहॅम यांचे काम आजही चालू आहे. १९८३ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने त्याची नवी आवृत्ती छापली आणि पुढे ते तक्ते इंटरनेटवर सर्वांसाठी खुले झाले. मला त्यात सर्वांत भावते ती अपुऱ्या ओळींची मांडणी. सापडलेले अवयव लिहायचे, आणि उरलेल्या भागापुढे नोंद करायची की ही संख्या इतक्या आकडी आहे, संयुक्त आहे, अवयव अजून सापडलेले नाहीत. शिवाय ज्या संख्या फोडायची सर्वांत जास्त निकड आहे, त्यांची वेगळी यादी. अज्ञान असे नीटनेटके मांडून ठेवले म्हणून जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला माणूस पुढची ओळ भरू शकतो.

याचा व्यवहारात उपयोग काय? मोबाइलवरून पैसे पाठवताना जी कुलपे लागतात, त्यांतली काही प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे अवघड आहे या एका गोष्टीवर टिकून आहेत. ती कला कुठवर पोचली, हे अशा उघड्या नोंदींवरूनच कळते. पण उपयोग नसता तरी मी या तक्त्यांना नमस्कार केला असता.

कारण आपल्याकडे जुळवून टाकण्याची सवय फार. मुलाला गणित येत नसले तर तो मागचे उत्तर पाहून पायऱ्या जुळवतो. कार्यालयांच्या अहवालात उद्दिष्ट शंभर टक्के साध्य झालेले असते. घरातही आजाराची, कर्जाची बाकी पाहुण्यांपासून, मग एकमेकांपासून झाकली जाते. बाकी झाकली म्हणून ती संपत नाही; ती कुणा तिऱ्हाइताच्या पासबुकात जाऊन बसते.

म्हणून मुलाने वहीत "इथपर्यंत आले, पुढे अडलो" असे लिहिले, तर त्याला अर्धे गुण तरी द्यावेत. त्या शिक्षकांच्या खात्यातले साडेचारशे दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाले. त्यांच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी त्यांना तोंडावर देऊ शकलो नाही. ते आज इथे लिहितो: सर, तुमचे काही चुकले नव्हते.