गाडी आली, एफआयआर कुठाय?

पोलिसांच्या नव्या गाड्यांची रांग लागली की मंत्री नारळ फोडतो, हिरवा झेंडा दाखवतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुण्याच्या गस्तीला आता काय कमी आहे? बीट मार्शलच्या मोटारसायकली आहेत, दामिनी पथक आहे, चौकाचौकात कॅमेरे आहेत. ११२ फिरवला की गाडीतल्या स्क्रीनवर पत्ता उमटतो. चांगलं आहे. आम्ही यंत्राचे दुश्मन नाही. वस्तीतल्या बाईला रात्री दोन वाजता नवरा मारतो तेव्हा तिलाही गाडी हवीच असते. आमचं भांडण गाडीशी नाही. ती आल्यावर पुढं काय होतं, याच्याशी आहे.

मी माझंच सांगतो. जातीवरून शिव्या देऊन माझ्या चुलतभावाचं डोकं फोडलं. फोन केला. खोटं का बोलू, दहा मिनिटांत गाडी आली. पण मग चौकीत चार तास बाकड्यावर. "साहेब राऊंडला गेलेत." शेवटी हातात काय टेकवलं? एनसी! डोक्याला टाके, तोंडावर जात, आणि गुन्हा म्हणे अदखलपात्र. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा त्या चौकीच्या कपाटात नव्हता काय? कोंबिंगच्या रात्री मात्र त्याच गाड्यांतून उतरलेले लोक दारावर लाथ घालतात, झोपलेली पोरं उठवून रांगेत बसवतात. तेव्हा साहेब राऊंडला गेलेले नसतात.

आता दुसरं पुणं बघा. १९ मे २०२४, कल्याणीनगर. बिल्डरच्या अल्पवयीन पोराच्या पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले. पुढं दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. ठपका काय, तर वरिष्ठांना आणि कंट्रोल रूमला वेळेत कळवलं नाही. शहरभर वायरलेसचं जाळं, आणि निरोप पोचला नाही! त्या पोराला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध मिळाला. आमच्या पोराला काय मिळालं असतं, हे वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये कोथरूड पोलीस ठाण्यात मारहाण झाली, जातीवाचक बोलले गेले, असा आरोप तीन मुलींनी केला. गुन्हा नोंदवा म्हणून पोलीस आयुक्तालयात रात्र जागली. हाती आलं ते गुन्हा नोंदवता येत नाही, असं पत्र. आरोप खरा की खोटा, हे मी इथं बसून ठरवत नाही. पण ते ठरवायलाच तर कॅमेरा असतो ना? २ डिसेंबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने परमवीर सिंग सैनी खटल्यात सांगितलं, की प्रत्येक पोलीस ठाण्यात, लॉकअपमध्ये, व्हरांड्यात आवाजासकट टिपणारे कॅमेरे लावा, चित्रण १८ महिने जपून ठेवा. चौकातला कॅमेरा आमच्यावर चोवीस तास डोळा रोखून आहे. ठाण्यातला डोळा कुणाच्या सांगण्यावरून मिटतो?

म्हणून मित्रांनो, नव्या गाडीला हार घालायच्या आधी विचारा: ११२ वर आलेल्या किती फोनांचे गुन्हे नोंदले? वस्तीनिहाय आकडे लावा भिंतीवर. ठाण्यातले कॅमेरे चालू आहेत का, तेही लावा.

आणि आपणही शिकलं पाहिजे. दखलपात्र गुन्हा सांगितला तर एफआयआर घेणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात ठणकावलंय. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाण्यात हात उचलला गेला तर त्या दिवसाचं चित्रण जपून ठेवा, असा अर्ज लगेच द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. शिक्का मारलेला कागद कोर्टापर्यंत चालत जातो.

गाडी सरकारची, पेट्रोल आपल्या घामाचं. हिशेब मागणं ही भीक नाही, हक्क आहे.

जयभीम!