१६३० कुटुंबं, ९५ कोटी आणि एक सोपं वाक्य : ‘कोर्ट ठरवेल’

पाच लाख ८४ हजार रुपये. न्हावा शेवा परिसरातल्या प्रत्येक बाधित पारंपरिक मच्छीमार कुटुंबाला एवढी भरपाई द्या, आणि तीन महिन्यांत द्या, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ ला दिला. कुटुंबं होती १६३०. एकूण रक्कम ९५ कोटी १९ लाख रुपये. द्यायची कोणी? जेएनपीटी, सिडको आणि ओएनजीसी.

तिन्ही संस्था सरकारी, आणि पैशाची चणचण असलेली एकही नाही. तरी तीन महिन्यांचं गणित वर्षांवर गेलं, कारण निकालानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं.

अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. लवादाच्या निकालाविरुद्ध ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, हे राष्ट्रीय हरित लवाद कायद्यातच लिहिलंय. त्यामुळे ‘अपील का केलं’ एवढं विचारून भागत नाही. इथे कोणाचं तरी नुकसान झालंय आणि ते आपल्यामुळे झालंय, हे मान्य करणारी एक सही या सगळ्या काळात कुठल्याच टेबलावर का झाली नाही, हे विचारायला हवं.

नुकसान नेमकं काय होतं?

न्हावा आणि शेवा ही उरण-पनवेलच्या खाडीकाठची दोन गावं. बंदराला नाव त्यांचंच, पण २६ मे १९८९ ला सुरू झालेल्या या बंदरासाठी शेवा गाव उठवावं लागलं. तिथल्या कोळ्यांना उरणजवळ वसवलं, ते आजचं हनुमान कोळीवाडा. नव्या जागेत वाळवी निघाली. घरांच्या लाकडापासून भिंतींपर्यंत पोखरणारी ही वाळवी पुढे अनेक आंदोलनांचं कारण ठरली. कागदावर पुनर्वसन पूर्ण आणि दाराची चौकट भुसभुशीत, अशा अवस्थेत तिथे एक पिढी म्हातारी झाली.

लवादापुढचं प्रकरण घरांचं नव्हतं, पाण्याचं होतं. पारंपरिक मच्छीमार म्हणजे मोठ्या ट्रॉलरवाले नाहीत. लहान होडी, पाग टाकून मिळणारी कोलंबी, ओहोटीला चिखलात उतरून गोळा केलेली कालवं, चिंबोऱ्या, निवट्या. हा सगळा धंदा भरती-ओहोटीच्या पाण्यावर आणि खारफुटीवर चालतो. बंदर वाढलं तसा भराव वाढला, खारफुटी गेली, खाडीतला पाण्याचा वावर आणि होड्यांच्या वाटा अडल्या. ज्याची कंपनी बंद पडते त्याला निदान नोटीस तरी मिळते. खाडी बंद पडते तेव्हा ती कोणी काढत नाही.

मच्छीमार मग लवादात गेले. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. त्यांच्यासाठी कोर्ट हा शेवटचा दरवाजा होता, कारण बाकीच्या दरवाजांवर अर्ज देऊन झाले होते. संस्थेसाठी मात्र तेच कोर्ट पावसात उभं राहायची शेड होऊ शकतं.

फाइल अपिलाकडेच का वळते?

हे समजायला सरकारी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. टेबलावर निकालाची प्रत आहे. दोन रस्ते आहेत.

पहिला, पैसे द्या. मग उद्या ऑडिटवाला विचारेल, अपील उपलब्ध असताना ९५ कोटी का दिले? दक्षता विभाग विचारेल, यात तुमचा काही संबंध? कुटुंबांच्या यादीत एखादं नाव चुकीचं निघालं तर चौकशी तुमच्या नावाने. निवृत्तीनंतरही.

दुसरा, अपील करा. वकिलांची फी संस्थेच्या खात्यातून. निकाल लागेपर्यंत तुमची बदली झालेली. जिंकलात तर कौतुक, हरलात तर ‘आम्ही प्रयत्न केला’. अपील केलं म्हणून कोणी नोकरी गमावल्याचं ऐकलंय का?

म्हणजे यंत्रणा अशी बांधली आहे की जबाबदारी घेणाऱ्याला जोखीम आणि टाळणाऱ्याला संरक्षण. यात दुष्ट माणूस शोधायची गरजच पडत नाही, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं. दुष्ट माणसाला हटवता तरी येतं.

हा माझाच तर्क आहे असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार विरुद्ध भेरूलाल या प्रकरणात हेच सुनावलं होतं. सरकार तब्बल ६६३ दिवस उशिरा अपिलात आलं होतं. न्यायालय म्हणालं, ही ‘सर्टिफिकेट केस’ आहे. म्हणजे जिंकण्यासाठी कोणी आलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलं, असा शिक्का हवाय, म्हणजे फाइल बंद करून आता काहीच करता येत नाही असं म्हणता येईल आणि अधिकाऱ्यांची कातडी वाचेल. न्यायालयाने २५ हजारांचा दंड ठोठावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला. रक्कम किरकोळ आहे, पण दंड खात्याच्या तिजोरीतून न जाता माणसाच्या खिशातून जावा, हे महत्त्वाचं.

सरकारलाही हे माहीत आहे. केंद्राने २०१० मध्ये राष्ट्रीय खटला धोरण आणलं. त्यात ‘कोर्ट काय ते ठरवेल’ ही सोपी वृत्ती सोडून द्यावी, ती निषेधार्ह आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. धोरण कागदावर राहिलं. एप्रिल २०२५ मध्ये विधी मंत्रालयाने अनावश्यक अपिलं टाळण्यासाठी पुन्हा नवे निर्देश काढले. पंधरा वर्षांत तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागते, यावरून पहिल्यांदा कोणी ऐकली ते कळतं.

राजीनामा म्हणजे जबाबदारी?

जबाबदारी म्हटलं की आपल्याला राजीनामा आठवतो. २६/११ नंतर आधी आर. आर. पाटील आणि मग विलासराव देशमुख पायउतार झाले, हे महाराष्ट्राला पाठ आहे. राजीनाम्याचं स्वतःचं मोल असेल, पण त्याने बुजलेली खाडी मोकळी होत नाही. न्हावा शेव्यात कोणाचं पद जावं अशी मागणीही नव्हती. हवी होती रक्कम, आणि तिच्यासोबत एक कबुली.

अशी कबुली सरकार देऊ शकतं का? एक उदाहरण जपानचं आहे. तिथे कुष्ठरुग्णांना अनेक दशकं सक्तीने वेगळं ठेवलं जायचं. तो कायदा १९९६ मध्ये रद्द झाला, पण नुकसानीचं काय? ११ मे २००१ ला कुमामोतोच्या जिल्हा न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. अधिकाऱ्यांचा कल अपिलाकडे होता. जेमतेम महिनाभरापूर्वी पंतप्रधान झालेले जुनइचिरो कोइझुमी २३ मे रोजी तक्रारदारांना भेटले आणि अपील करणार नाही असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात संसदेने भरपाईचा कायदा केला. निकालापासून निर्णयापर्यंत बारा दिवस.

त्या निकालात कायद्याचे वादाचे मुद्दे नव्हते असं नाही. सरकारने ते मुद्दे आहेत असं म्हणूनही अपील केलं नाही. न्हावा शेव्यासाठी हे उदाहरण मला म्हणूनच उपयोगी वाटतं. १६३० चा आकडा बरोबर आहे का, कोणत्या संस्थेचा वाटा किती, यावर वाद होऊ शकतो. पण नुकसान मान्य करून पैसे वाटायला सुरुवात करणं आणि संस्थांनी आपसातल्या वाट्यासाठी नंतर भांडणं, हेही शक्य असतं. मच्छीमाराला त्या भांडणाच्या रांगेत सगळ्यात पुढे उभं करायची गरज नसते.

आता हे का वाचायचं?

कारण जेएनपीटी, जिचं नाव आता जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण आहे, पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर बांधतेय. १९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. बांधणाऱ्या कंपनीत प्राधिकरणाचा हिस्सा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. तिथले मच्छीमार कित्येक वर्षं विरोधात आहेत. त्यांनाही पुनर्वसनाची आणि भरपाईची आश्वासनं मिळताहेत, आणि ती देणाऱ्या संस्थेचं आधीचं काम बघायला त्यांना फार लांब जावं लागत नाही.

लवादाने सांगितलेले ९५ कोटी १९ लाख या ७६,२२० कोटींच्या तुलनेत किती होतात, म्हणून मी हिशेब केला. शंभर रुपयांत जवळपास साडेबारा पैसे. उरणच्या माणसाला साडेबारा हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व पुढे आलं. जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांच्या हातात त्याची इरादापत्रं पडली १६ ऑगस्ट २०१४ ला. तीही फक्त इरादापत्रं.