अंतर एक, वेळ दोन

अंतरास वेगानें भागिलें म्हणजे वेळ निघतो, हें सूत्र आम्हीं उभ्या जन्मांत शेंकडों विद्यार्थ्यांकडून घोटवून घेतलें. त्याच सूत्रानें गेल्या पौषांत आमची जी फजिती केली, ती वाचकांपुढें ठेवितों.

आम्ही उभयतां दिल्लीस चिरंजीवांकडे होतों. नातू टोकियोस नोकरीस असतो. दिल्लीहून जातांना त्यास विमानांत साडेसात तास लागले होते. परत येतांना ‘सकाळीं साडेअकरास विमान सुटतें,’ एवढेंच त्यानें कळविलें. तेथील घड्याळ आपल्याहून साडेतीन तास पुढें, म्हणजे दिल्लीचे आठ. त्यांत साडेसात मिळवून दुपारीं साडेतीन ही वेळ आम्हीं घरांत जाहीर केली.

चार वाजले, पांच वाजले. “अहो, तुमचें गणित सुटलें, पण मुलगा कोठें आहे?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. देवापुढें निरांजन लावणारा तो हात कांपत होता, तें आम्हांस पाहवेना. शेवटीं सूनबाईंनीं वेळापत्रक पाहून सांगितलें, “मामंजी, विमानास उशीर नाहीं. उतरण्याची वेळच साडेपांचची आहे.”

चूक कोठें झाली? दिल्ली ते टोकियो हें सरळ अंतर सुमारें ५,८५० किलोमीटर. जातांना तेवढें, येतांनाही तेवढेंच. परंतु विमान हवेंतून चालतें, आणि हवा स्वतः चालत असते. सुमारें दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे एक प्रबळ वायुप्रवाह वाहतो. हिवाळ्यांत जपानवर त्याचा जोर विशेष. ताशीं ८५० किलोमीटर चालणाऱ्या विमानास १०० चा वारा पाठीशीं मिळाला तर गति ९५० होते, समोरून आला तर ७५० च उरते. ओघाबरोबर व ओघाविरुद्ध जाणाऱ्या नावेचें उदाहरण आम्ही फळ्यावर वर्षानुवर्षें सोडवीत आलों. तीच नाव आकाशांतही आहे, हें मात्र ओळखलें नाहीं!

या प्रवाहाचा वेध प्रथम घेतला तोही जपानांतच. वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञानें तातेनो येथील वेधशाळेंतून फुगे सोडून हे वारे मोजिले, व १९२६ सालीं आपला वृत्तांत एस्पेरांतो भाषेंत छापिला. ती भाषा जाणणारे थोडे, म्हणून तिकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १९४४ सालीं अमेरिकन बॉम्बफेकी विमानें जपानवर याच वाऱ्यांत सांपडलीं, तेव्हां वैमानिकांस त्याचा कटु अनुभव आला.

आणखी एक गंमत. नुसतीं घड्याळें पाहिलीं तर जाण्यास अकरा तास व येण्यास सहाच तास लागलेसें दिसतें. वस्तुतः जाण्यास साडेसात, येण्यास साडेनऊ. म्हणून ज्यांचीं मुलें दूरदेशीं आहेत त्यांनीं सुटण्याची वेळ विचारून हिशेब करीत बसूं नये. उतरण्याची वेळ विचारावी, आणि ती कोणत्या गांवच्या घड्याळाची, हेंही विचारावें.

सातच्या सुमारास नातू दारांत उभा राहिला. त्याच्यावरून भाकरतुकडा ओंवाळून टाकल्यावर त्याच्या आजीनें आमच्याकडे वळून एवढेंच म्हटलें, “यापुढें तुम्ही जप करा, हिशेब सूनबाई करील.”