सूर चालतो, गळा बाटतो

पंधरा ऑगस्टला शाळाशाळांतून पोरं छाती काढून ‘हम होंगे कामयाब’ म्हणतात. धर्माचा वास नाही म्हणे. मास्तर खूश, सरपंच खूश. त्यांना विचारा, हे आलं कुठून?

आलं काळ्यांच्या चर्चमधून. गुलामांच्या लेकरांनी येशूच्या भरवशावर म्हटलेल्या भजनांतून. 1945 साली अमेरिकेत चार्ल्स्टनला तंबाखू कामगारांचा संप झाला. काळ्या बायांनी ते संपाच्या रांगेत म्हटलं. चर्चमधला ‘मी’ गेला, ‘आम्ही’ आला. त्यांनी देव पुसला नाही. देवाला संपावर बसवलं. पुढे ते काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचं गाणं झालं. गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणलं, आणि आपल्याकडं येईस्तोवर चर्चही गळालं, संपही गळाला. राहिलं झेंडावंदन.

आमच्यातले काही पढीक म्हणतात, देवाचं गाणं म्हणजे अफू, फेका. अरे, ज्यांच्याकडं बघून 1972 साली पँथर उभी राहिली, त्या काळ्यांचा गळा तापला कुठं? चर्चच्या बाकावरच! गाण्यात देव आहे का, हा सवाल बामणाचा. आपला सवाल एकच : गाणं माणसाला गुडघ्यावर बसवतं की उभं करतं?

दुसरीकडं संस्कृतीवाले. गाण्यातून ख्रिस्त घुसवतात म्हणून बोंब. आमच्या नातेपुत्यात दर आषाढीला ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला येते. टाळ-मृदंगात चोखोबाचा अभंग निघतो. ज्याला देवळाची पायरी ओलांडू दिली नाही, तोच चोखोबा. ती संस्कृती! नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, मग तोच अभंग, तेच कीर्तन ख्रिस्ताला दिलं. तो प्रचार! टाळ तोच, फक्त देव बदलला की कानात खडे.

दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये ‘अबाइड विथ मी’ वाजायचं. गांधींच्या आवडीचं ख्रिस्ती गीत. 2022 साली काढलं. ‘हम होंगे कामयाब’ राहिलं, कारण त्याचा बाप कुणाला ठाऊक नाही.

आता खरी गोम ऐका. सूर चर्चमधून बाहेर आला की पवित्र होतो. महार-मांगाचा माणूस चर्चमध्ये आत गेला की 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं त्याची अनुसूचित जात जाते, सवलत जाते. शिखांना 1956 ला घेतलं, बौद्धांना 1990 ला. ख्रिस्ती अजून बाहेर. जात मात्र चर्चच्या दारात चपलेसारखी सुटत नाही. मेल्यावर कबरस्तानापर्यंत पाठ धरते.

गाणं घेता आणि गाणाऱ्याला हाकलता? ही उधारी झाली. वसूल करा. दोस्तांनो, पुढच्या वेळी स्टेजवर ते गाणं लागलं की मास्तरच्या हातातला माईक घ्या. तंबाखूवाल्या बायांचं नाव घ्या. मग 1950 चा आदेश वाचून दाखवा. बघा, मग कोण कोण उभं राहून गातंय.